मंचाखालची मैफल
आयर्लंडचं लोकसंगीत महोत्सवांच्या मंचावर गेलं आणि बिघडलं, अशी तक्रार आहे. ती अगदीच खोटी नाही. हे मूळचं चुलीशेजारचं, घरगुती नाचाचं संगीत. वादक गोल करून, एकमेकांकडे तोंड करून बसायचे. तिथलं 'इलन पाइप्स' हे वाद्यच पाहा. तोंडाने फुंकायचं नाही; एका कोपराखाली भाता, दुसऱ्या कोपराखाली हवेची पिशवी, आणि वादक सहसा बसलेला. रांगेत उभं राहून लोकांना रिझवणं या वाद्याच्या बांध्यातच नाही! पण घरची बैठक महोत्सवांनी मोडली नाही. १९३५च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागला, त्याचा बडगा घरच्या नाचांवरही पडला; शिवाय खेड्यांतली माणसं पोटासाठी परदेशी गेली.

१९५१मध्ये मलिंगर गावात पहिला 'फ्ला क्योल', म्हणजे संगीताची जत्रा, भरली ती ही पडझड थोपवायला. तिथे स्पर्धा असतात आणि स्पर्धेने वादन एकसाची होतं, असा दुसरा आक्षेप. स्पर्धेपुरता तो मान्य करावा. मात्र निकाल लागल्यावर तीच मंडळी रस्त्यावर, पबच्या कोपऱ्यात पुन्हा गोल करून बसतात. एका परगण्याचा फिडलवाला दुसऱ्याचा ढंग कानाने उचलतो. मिल्टाउन मालबे गावात १९७३पासून भरणाऱ्या, पाइपवादक विली क्लॅन्सीच्या नावाच्या उन्हाळी शाळेत तर दिवसा वर्ग चालतात आणि रात्री अशाच बैठका रंगतात.