परीक्षेतील अचौर्य : विद्यार्थ्यांचे अणुव्रत

(सुवर्णमहोत्सवी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



राजकोटच्या हायस्कूलमधील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. शिक्षणाधिकारी जाइल्स तपासणीस आले आणि त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. मोहनदास गांधी या विद्यार्थ्याचा ‘केटल’ हा शब्द चुकला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजाऱ्याच्या पाटीवरून तो सुधारून घेण्यास सुचविले. परंतु मुलांनी एकमेकांचे पाहू नये यासाठीच शिक्षक उभे आहेत, अशी त्या बालकाची समजूत होती. इतर सर्वांचे शब्द बरोबर आले, एकटा मोहनदास मूर्ख ठरला. आत्मकथेत हा प्रसंग नमूद करणाऱ्या गांधीजींना नक्कल करण्याची विद्या कधीच साधली नाही.

या प्रसंगात मोह दाखविणारा विद्यार्थी नव्हता, वडीलधारा होता, हे विसरता येत नाही. महाराष्ट्रात परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. केंद्राच्या सार्वजनिक परीक्षांसाठी २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा लागू झाला. कॉपीमुक्त अभियानेही झाली. तरीही खिडकीतून चिठ्ठी पोहोचविणारा हात अनेकदा घरच्याच माणसाचा असतो. पहारा बाहेरून बसविता येतो. व्रत मात्र आतूनच घ्यावे लागते.

जैन आचारशास्त्रात न दिलेली वस्तू घेणे म्हणजे चोरी. श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ते व्यापाऱ्यासाठी आहेत असे वरवर वाटते. पण परीक्षेच्या वर्गातही ते तंतोतंत लागू पडतात. चोरीस प्रवृत्त करणे हा स्तेनप्रयोग : “पुढच्याचे बघून लिही” असे सांगणारा पालक त्याचा धनी होतो. चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे हे तदाहृतादान : फुटलेली प्रश्नपत्रिका मोबाइलवर आयती मिळाली, तरी दोष टळत नाही. राज्याचे नियम ओलांडणे हा विरुद्धराज्यातिक्रम : परीक्षेचे नियम मोडणे याहून निराळे नाही. खोटी मापे वापरणे हे हीनाधिकमानोन्मान : शब्द टाकून वाढवून घेतलेले गुण हे खोटे मापच होय. अस्सलात नक्कल मिसळणे हा प्रतिरूपकव्यवहार : दुकानातून विकत आणलेला प्रकल्प किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेला निबंध स्वतःच्या नावावर देणे यातच मोडते. तागडीत गुंजभरही खोट न करणारा श्रावक मुलाच्या प्रगतिपुस्तकात मणभर खोट कशी चालवून घेतो, हा खरा प्रश्न आहे. दोष कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही मार्गांनी लागतो. म्हणून कॉपी करणारा, करविणारा आणि पाहून संतोष मानणारा तिघेही उत्तरदायी ठरतात.

ज्ञानाचाराच्या आठ अंगांत ‘अनिह्नव’ हे एक अंग आहे. ज्या गुरूपासून वा ग्रंथापासून ज्ञान मिळाले, त्याचे नाव न लपविणे हा त्याचा अर्थ. पुस्तकाचा वा संकेतस्थळाचा आधार घेणे हा गुन्हा नव्हे. तो लपविणे हा दोष होय. प्रकल्पाखाली आधाराचे नाव लिहिणारा विद्यार्थी ज्ञानाचारच पाळत असतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात १८४२ पासून परीक्षेत साहाय्य न घेतल्याचे वचन विद्यार्थी स्वतः लिहून देऊ लागले. भारतात आचार्य तुलसी यांनी १९४९ मध्ये अणुव्रत आंदोलन सुरू केले. त्यातील विद्यार्थ्यांच्या नियमांत परीक्षेत अवैध उपायांचा आश्रय न घेण्याचा संकल्प आहे. कुंभोज येथे जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, ती स्वावलंबनाच्या पायावर. स्वतःच्या श्रमाने शिकणाऱ्या मुलाला उसन्या उत्तराची गरज भासत नाही, हेच त्या कार्याचे सार होय.

समाजाच्या गुणगौरव समारंभांत टक्केवारी वाचली जाते, हार घातले जातात. ते योग्यच आहे. पण ५५ टक्के स्वकष्टाने मिळविणारा मुलगा त्या मंडपात मागच्या रांगेत मान खाली घालून बसत असेल, तर सत्काराचे मापच तपासावयास हवे. सुवर्णमहोत्सवी वर्षात पाठशाळेतील प्रत्येक मुलाने व त्याच्या आईवडिलांनी परीक्षेपूर्वी एकत्र बसून हे अणुव्रत घ्यावे. ज्याच्या हातून चूक घडेल त्याला चारचौघांत लज्जित करू नये. आलोचना आणि प्रायश्चित्त यांचा मार्ग धर्माने मोठ्यांप्रमाणेच लहानांनाही खुला ठेवला आहे. घरी येऊन “आज मी पाहून लिहिले” असे सांगण्याचे धैर्य मुलाला वाटले, तर त्या घरातील प्रतिक्रमण सार्थ झाले असे समजावे.

गुणपत्रिका काही वर्षांनी पेटीत जाते. चुकलेला शब्द मात्र पुन्हा शिकता येतो. चोरलेला शब्द कधीच आपला होत नाही.

जय जिनेंद्र!