तिवरांची राखण
(वार्षिक संमेलनप्रसंगी दिलेले भाषण)



वीरसारख्या डोंगराकडच्या गावात खाडीच्या झाडांवर बोलणे काहींना विचित्र वाटेल. पण महाबळेश्वरहून निघालेली आपली सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटला समुद्रास मिळते आणि भरतीचे पाणी तिच्यातून दासगावापर्यंत वर चढते. म्हणजे आपणही खाडीचे शेजारीच.

तिवर, चिप्पी, कांदळ ही त्या झाडांची नावे. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची व चिप्पीची मुळे श्वासासाठी चिखलातून सरळ वर डोके काढतात. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते आणि मग खाली पडते. या मुळांच्या आसऱ्याला कोळंबी व माशांची पिले वाढतात, लाटेचा जोर मोडतो, काठची माती टिकते. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याला फुकटचे सरपण समजत आलो. माझ्या आजोबांच्या घरची चूलही तिवरावरच पेटे; तेव्हा दोष कोणाला देऊ?

२००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही तोड थांबविण्याचा आदेश दिला. २०१८ साली तर ती नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे असे ठरविले. निकाल मोलाचा आहे, परंतु प्रत्येक खाडीवर पहारा कोण ठेवणार?

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत याचे उत्तर पाहावयास मिळते. तेथील स्वामिनी बचत गटाच्या मच्छीमार भगिनींनी २०१७ साली कांदळवन दाखविणारी नौकाफेरी सुरू केली. शासनाच्या कांदळवन कक्षाचे साहाय्य मिळाले. वल्ही त्या स्वतः मारतात, झाडे ओळखून दाखवितात आणि त्यावर चार पैसे मिळवितात. ज्याचे पोट त्या झाडावर चालते, तो त्यावर कोयता चालू देईल काय?

२०२१ च्या जुलैत महाड बुडाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. तिवरे राखली असती तर तो पूर टळला असता, असे मी म्हणणार नाही. घाटावरच्या एवढ्या पावसापुढे झाडांचे काय चालणार? पण नदीचे मुख आपल्या माहितीबाहेर राहिले, हे खरे.

म्हणून येत्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना बाणकोटच्या खाडीवर नेण्याचा विचार आहे. खाडीकाठी ज्यांचे सोयरे असतील त्या पालकांनी शाळेत निरोप द्यावा. ओहोटीची वेळ मात्र त्यांनाच विचारून ठरवू.