पाऊस, पाहुणे आणि वाढदिवस

लहान मुलाचा वाढदिवस ही जगाच्या व्यवहारात क्षुल्लक गोष्ट असेल. परंतु ज्या घरात तो असतो, त्या घरात त्याच्या तोलाचा दुसरा सण नसतो. मोठी माणसे दिवाळीची वाट पाहतात ती कामाचा डोंगर उपसता उपसता. मूल मात्र आपल्या वाढदिवसाची वाट दिवस मोजून पाहते. अशा दिवशी आभाळ भरून आले आणि ‘आजचा समारंभ करावा की पुढे ढकलावा’ असा प्रश्न उभा राहिला, म्हणजे घरातील वडील माणसांची मोठी पंचाईत होते. एकीकडे मुलाचा हिरमोड, दुसरीकडे पाहुण्यांची काळजी, आणि मध्ये तयार होऊन बसलेला फराळ.

हैदराबादेत हा प्रश्न विशेष जिवंत आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते. त्यामुळे नांदेड, परभणी, औरंगाबादकडील माणसे शिक्षणासाठी, कचेरीसाठी, कोर्टकामासाठी येथे आली आणि येथलीच झाली. या शहराला पावसाची ओळख फार गोडीची नाही. वर्षभरात सरासरीने सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस येथे पडतो; म्हणजे कोकणाच्या मानाने काहीच नव्हे. पण तो कसा पडतो हे पाहण्यासारखे आहे. २४ ऑगस्ट २००० रोजी बेगमपेठेच्या वेधशाळेत एका दिवसात सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस नोंदला गेला. १३ ऑक्टोबर २०२० रोजी तेथेच चोवीस तासांत सुमारे १९ सेंटीमीटर पाऊस झाला. वर्षाच्या पावसाचा जवळजवळ चौथा हिस्सा एका दिवसात यावा, अशी ही तऱ्हा. पाणी मुरायला जमीन नाही, वाहायला नाले अपुरे, आणि उतरायला जागा सखल वस्त्यांची.

काचीगुड्यातील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आहे. सहा वर्षांची मुलगी सकाळपासून नवा परकर-पोलका नेसून फिरते आहे. संध्याकाळी सहा वाजता पंधरा मुले यायची आहेत. काही याच गल्लीतली, काही मलकपेठेहून, काही दिलसुखनगरहून, तर एक मैत्रीण थेट बेगमपेठेहून. गच्चीवर पताका लागल्या आहेत. केक सांगून ठेवला आहे. आणि सकाळी नऊ वाजता बातमी येते, की हवामानखात्याने शहराला नारिंगी इशारा दिला आहे.

वडील म्हणतात, “हैदराबादचा पाऊस तो! अर्धा तास कोसळेल आणि थांबेल. पोरीचा हिरमोड कशाला करायचा?”

आई म्हणते, “अहो, आपण घरातच आहोत. यायचे आहे ते दुसऱ्यांच्या मुलांना.”

सगळ्या प्रश्नाची किल्ली आईच्या या एका वाक्यात आहे. वाढदिवसाचा समारंभ करावा की नाही, हे ठरवताना यजमान स्वाभाविकपणे आपल्या घराकडे पाहतो. घर पक्के आहे, छप्पर गळत नाही, दिवे गेले तरी मेणबत्त्या आहेत. मग अडचण कोणती? परंतु धोका घरात नसतो, तो वाटेवर असतो. समारंभ यजमानाचा, आणि वाट पाहुण्यांची. किती पाऊस पडेल हे विचारण्याआधी, कोण कोठून येणार आणि किती वाजता परतणार, हे विचारले पाहिजे.

आपल्या डोक्यावरचे आभाळ हे पुराचे माप नव्हे, हा धडा या शहराने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला जो पूर आला, त्यात सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे मानले जाते. पुढच्या वर्षी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाहणीसाठी बोलावण्यात आले. नदीच्या पाणलोटक्षेत्रात शेकडो तळी होती आणि त्यांतील दोनशेहून अधिक फुटली होती, असे आढळले. एक तळे फुटले की त्याचे पाणी खालच्या तळ्यावर, त्याचे त्याच्या खालच्यावर, अशी ती माळ तुटत गेली. नदीकाठच्या माणसाचा घात त्याच्या अंगणातल्या पावसाने जितका केला, तितकाच कित्येक मैलांवरच्या पावसाने केला. त्या पाहणीतूनच पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय पुरे झाले. त्या रात्री एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली असे सांगतात. ते झाड आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातले.

जलाशय झाले म्हणून हा धडा जुना झाला, असे मात्र नाही. २०२० च्या ऑक्टोबरात बालापूरकडील तलावाचा बांध फुटला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. २०२५ च्या सप्टेंबरअखेर दोन्ही जलाशयांतून पाणी सोडावे लागले, तेव्हा मुशीकाठचे महात्मा गांधी बसस्थानक जलमय झाले आणि नदीवरचे सखल पूल रहदारीला बंद करावे लागले. मलकपेठेकडून काचीगुड्याला यायचे म्हणजे मुशी ओलांडावी लागते. काचीगुड्यात ऊन पडलेले असतानाही पूल बंद असू शकतो, हे यजमानाने विसरता कामा नये.

मग निर्णय करावा तरी कसा? हवामानखात्याचे रंग त्यासाठीच आहेत. हिरवा म्हणजे चिंता नाही; पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे; नारिंगी म्हणजे तयारीत राहावे; लाल म्हणजे कृती करावी. एका दिवसात ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस धरतात, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला तर अतितीव्र. रोजचा इशारा जिल्ह्यापुरता असतो. पुढील तीन तासांचा अंदाज त्याहून नेमका असतो. लाल इशारा असेल किंवा सरकारने शाळांना सुट्टी दिली असेल, तर विचार करण्याचे कारणच उरत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीमुळे तेलंगणातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ज्या दिवशी मुलांनी शाळेला जाऊ नये असे ठरते, त्या दिवशी त्यांनी केक खायला जावे असे म्हणण्यात अर्थ नाही.

खरा पेच असतो तो पिवळ्या-नारिंगी दिवसांचा. तेव्हा गैरसोय कोणती आणि धोका कोणता, हे वेगळे करावे. चपला चिखलात माखणे, कपडे भिजणे, अर्धी मुले उशिरा येणे, ही गैरसोय होय. तिच्यासाठी वाढदिवस मोडू नये. पावसाच्या प्रत्येक सरीला घाबरून दार लावणाऱ्या घरातले मूल पावसालाच शत्रू मानू लागते. परंतु वाटेत नदी, उघडा नाला किंवा रेल्वेच्या पुलाखालचा सखल रस्ता असेल, तर तो धोका होय. घोट्याच्या वर चढलेले वेगवान पाणी मोठ्या माणसाचाही तोल घालवते. सुमारे ३० सेंटीमीटर वाहते पाणी लहान मोटारीला ढकलू लागते. गढूळ पाण्याखाली गटाराचे झाकण जागेवर आहे की नाही, हे दिसत नाही. आणि वीज कडकडत असेल, तर गच्चीचा मोह सोडलाच पाहिजे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर निदान अर्धा तास उघड्यावर जाऊ नये, असा नियम सांगितला जातो.

वेळेचाही विचार हवा. मृगाच्या आधीचे आणि परतीच्या पावसाचे ढग बहुधा दिवसभराच्या तापाने दुपारनंतर चढतात आणि संध्याकाळी कोसळतात. आपले समारंभ नेमके त्याच वेळी. सहाला आलेले मूल आठ-नऊला अंधारात परतते. तोच समारंभ सकाळी दहाला ठेवला, तर निम्मी काळजी आपोआप मिटते. मे महिन्यात जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत याच्या उलट करावे. तेथे दुपारचे ऊन टाळावे आणि दिवेलागणीची वेळ धरावी. समारंभ मोडणे आणि समारंभ करणे, या दोहोंच्या मध्ये वेळ बदलणे, जागा बदलणे, पाहुणे कमी करणे अशा पुष्कळ पायऱ्या असतात, हे घाईत ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. पुष्कळ यजमान म्हणतात, “आम्ही ठेवतो, ज्याला जमेल त्याने यावे.” हे बोलणे उदार वाटते, पण त्यात जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकलेली असते. आपल्याकडे भीड फार. बोलावणे आले आणि गेलो नाही तर काय वाटेल, या विचाराने आईबाप भरल्या पावसात मुलाला घेऊन निघतात. ही भीड पाहुण्याला स्वतः तोडता येत नाही. ज्याने बोलावले त्यालाच ती सोडवता येते. म्हणून निर्णय यजमानानेच करावा, तो सकाळीच करावा, आणि नेमक्या शब्दांत कळवावा. पाहुणे अर्ध्या वाटेवर असताना आलेला निरोप काही कामाचा नाही.

राहता राहिली ती उत्सवमूर्ती. काचीगुड्यातल्या त्या घरात, समजा, निर्णय झाला: आज लांबच्यांनी येऊ नये, रविवारी सकाळी दहाला सर्वांनी यावे. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. वडिलांना ते पाहवेना. तेव्हा आजीने तिला जवळ घेतले आणि विचारले, “वाढदिवस कशाने होतो ग? केकाने की औक्षणाने?”

आजीच्या प्रश्नात शहाणपण आहे. मराठी घरात वाढदिवसाचा गाभा म्हणजे औक्षण. पाटाभोवती रांगोळी, कपाळी कुंकू, निरांजन, सुपारी, अंगठी, आणि डोक्यावर अक्षता. त्याला पंधरा पाहुणे लागत नाहीत, गच्ची लागत नाही, आणि पाऊस त्याला अडवू शकत नाही. मेजवानी पुढे ढकलता येते, कारण ती लोकांची सोय पाहून ठरलेली असते; औक्षण त्याच दिवशी होते, कारण तो दिवस मुलाचा असतो. हा फरक मुलाला समजतो. त्याला समजत नाही ते ‘बघू पुढे कधीतरी’ हे उत्तर. ‘रद्द’ या शब्दाबरोबर नवा दिवस आणि नवी वेळ सांगितली, आणि मैत्रिणींना निरोप देण्याचे काम त्याच्याकडेच सोपवले, तर रडणे फार वेळ टिकत नाही. तयार फराळ गल्लीतल्या पाच-सहा मुलांपुढे मांडावा. ती चालत येतात आणि चालत जातात.

त्या संध्याकाळी काचीगुड्यात पाऊस पडलाच नाही, असेही होऊ शकते. चार थेंब आले आणि तारे दिसू लागले. वडील खिडकीत उभे राहून म्हणाले, “उगाच मोडला समारंभ.” पण निर्णयाची परीक्षा नंतरच्या आभाळावरून करायची नसते, सकाळी जे माहीत होते त्यावरून करायची असते. पाऊस आला नाही म्हणून छत्री नेणारा मूर्ख ठरत नाही. पंधरा घरांतली पंधरा मुले त्या रात्री आपापल्या अंथरुणात सुखरूप झोपली, एवढे त्या निर्णयाचे फळ. आणि ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण काहीच न घडणे हेच त्याचे यश असते.

आत पाटावर बसलेल्या मुलीने निरांजनाकडे पाहत आजीला विचारले, “आजी, रविवारीही पाऊस आला तर?”

आजी म्हणाली, “तर पुढचा रविवार. तू काही परत पाच वर्षांची होत नाहीस.”