हळदीचं दूध आणि शिसं

जड धातूंवर बोलायचं म्हटलं की एक प्रश्न हटकून येतो : रोज हळदीचं दूध घेतलं तर लिव्हर वाचेल का?

आधी आत काय होतं ते बघू. यकृताच्या पेशीत ग्लुटाथायोन नावाचं एक द्रव्य असतं. त्यात गंधक असतं, आणि शिसं, कॅडमियम, पारा या सगळ्यांना गंधकाची भारी ओढ. धातू येतो, ग्लुटाथायोनला चिकटतो आणि साठा आटत जातो. मग पेशीत रोज तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू आवरायला कोणी उरत नाही. पेशीच्या आवरणातली चरबी खवट होते. हो, डब्यातलं खोबरं होतं तशीच.

करक्यूमिन, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, लसणाचा अर्क यांनी उंदरांच्या यकृताची ही हानी कमी झाल्याचे प्रयोग भरपूर आहेत. मी ते खोटे म्हणत नाही. पण तिथे डोस मोठा असतो आणि बऱ्याचदा तो धातूच्या आधी किंवा धातूबरोबरच देतात. आपल्या शरीरात शिसं वर्षानुवर्षं थोडं थोडं जातं आणि हाडांत जाऊन बसतं. हळदीत करक्यूमिन साधारण तीन टक्के, त्यातलंही रक्तात फारच थोडं पोचतं. ते वाढवायला मिऱ्याचा अर्क घातलेल्या कॅप्सूल मिळतात. त्यांनीच यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेत आणि इटलीत नोंदले गेलेत. तेव्हा त्या लांबच ठेवा.

आणि खरी गोची पुढे आहे. हळकुंडं पॉलिश करताना पिवळीधमक दिसावीत म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळतात. म्हणजे ज्या दुधाने शिसं उतरवायचं, त्यातूनच शिसं पोटात! बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना सांगितलं. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. आपल्याकडे पाटण्याच्या नमुन्यांतही ते सापडलंय. मर्यादा आहे किलोमागे १० मिलिग्रॅम. म्हणून हळकुंडं घ्या, तीही मळकट दिसणारी, आणि दळून आणा. सांगलीकडची माणसं गावी जाताना घेऊन येतातच.

जेवणाने काय होतं? बरंच होतं, फक्त वेगळ्या वाटेने. आतड्यात लोह शोषणारा जो वाहक आहे, तोच शिसं आणि कॅडमियमही आत घेतो. लोह कमी असलं की हा वाहक वाढतो, म्हणून पंडुरोग असलेल्या मुलात धातू जास्त शिरतो. बाजरीची भाकरी, पालेभाजीवर लिंबू, नाचणी, दूध ही साधी तजवीज इथे कामाची. उपाशीपोटीही शिसं जास्त शोषलं जातं, तेव्हा मुलांना न्याहारी चुकवू देऊ नका.

मात्र घरात कोणी जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं, वितळवण्याचं काम करत असेल, तर काढे नकोत. रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. प्रमाण फार असेल तर ते बाहेर काढणारी औषधं आहेत, ती डॉक्टरच देतात. आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका.