झालिप्ये गावच्या बायका
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे पोलंडात क्राकूव्ह शहरी गेले होते. तेथून पाहिलेल्या एका मुलखाविषयी बोलते.

पोलंड म्हटले की आपल्या कोल्हापूरकरांना वळिवड्याची छावणी आठवते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-मुलेच. माझ्या आजेसासूबाई तेव्हा परकरी पोर होत्या. त्या सांगतात, "बराकीपुढं वीतभर जागा, पण त्या बायका तिथंही फुलझाडं लावायच्या." मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "त्यांचा मुलूख बघून ये गं."

मुलीने नेले ते क्राकूव्हच्या पूर्वेस, दोंब्रोवा नावाच्या भागात. आपल्या तालुक्यासारखाच तो, सगळा शेतीचा आणि सपाट. उत्तरेला विस्तुला नदी, आणि डोंगरातून येणारी दुनायेत्स पश्चिमेच्या कोपऱ्यात तिला मिळते. पुराचे भय आहे, म्हणून काठाला बांध घातलेले. एके काळी ही विस्तुलाच सरहद्द होती. अलीकडे ऑस्ट्रियाचे राज्य, पलीकडे रशियाचे. १९१८ साली पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला.

तेथले झालिप्ये गाव पाहावे. पूर्वी तेथल्या घरांतून धुराडे नसे. चुलीच्या धुराने भिंती काळ्या होत. (हे मला कोणी समजवावे लागले नाही. माझ्या आईचा जन्म त्यातच गेला.) बायका त्या काजळीवर चुन्याचे पांढरे ठिपके देत. पुढे धुराडी आली, भिंती स्वच्छ राहू लागल्या, तशी ठिपक्यांची फुले झाली. गाईच्या शेपटीच्या केसांचे कुंचले करीत आणि रंगात काजळीही वापरीत! फेलित्सिया त्सुरिवोव्हा (१९०४–१९७४) या बाईने तर आपले सारे घर फुलांनी भरले. आज ते संग्रहालय आहे. गावात विहिरीवर फुले, कुत्र्याच्या घरावर फुले, देवळातही फुले. युद्धानंतर १९४८ साली रंगवलेल्या घरांची पहिली स्पर्धा झाली. आता ती दरवर्षी भरते. सगळीच घरे रंगवलेली नाहीत. नवी पुष्कळशी साधीच आहेत.

दोंब्रोवा तार्नोव्स्का या मुख्य गावी मात्र मन उदास झाले. तेथे ज्यू लोकांचे मोठे प्रार्थनामंदिर आहे, एकोणिसाव्या शतकातले. युद्धापूर्वी गावात ज्यू वस्ती मोठी होती. १९४२ साली जर्मनांनी त्यांना नेऊन मारले. मंदिर कित्येक वर्षे पडीक होते. ते दुरुस्त करून २०१२ साली उघडले. भिंतींवरची चित्रे सुरेख आहेत, पण तेथे प्रार्थनेला येणारी ती माणसे राहिली नाहीत.

घरी आल्यावर आजेसासूबाईंनी विचारले, "त्या बायका घरी पोचल्या का गं?" वळिवड्याच्या बहुतेक बायका पूर्व पोलंडातल्या. युद्धानंतर तो प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला, आणि कितीजणींना परतायला गावच उरले नाही. हे सांगताना मला जड गेले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती फुलं कशी काढतात, दाखव."

आमच्या स्वयंपाकघराच्या दारालगत आम्ही दोघींनी काढली आहेत. वाकडी आहेत ती माझी.