जॉर्ज टाउनमधली दोन वर्तमानपत्रं

नोकरीसाठी चेन्नईत येऊन मला बरीच वर्षं झाली, तरी सकाळी फोनवर मी आधी मराठी बातम्या उघडतो. परमुलखातल्या माणसाला घरच्या बातमीची भूक असतेच. अठराव्या शतकाच्या शेवटी याच भुकेपोटी या गावात निघालेल्या दोन वर्तमानपत्रांबद्दल आज बोलू.

जॉर्ज टाउन म्हणजे हायकोर्टाच्या पलीकडचा, पॅरीज कॉर्नर आणि मिंट स्ट्रीटचा गजबजलेला भाग. इंग्रज त्याला 'ब्लॅक टाउन' म्हणत. आजचं नाव पंचम जॉर्जवरून पडलं, तेही विसाव्या शतकात. दक्षिणेला सेंट जॉर्ज किल्ला. किल्ल्यात कंपनीचा कारभार, बाहेर व्यापारी पेठा.

१२ ऑक्टोबर १७८५ रोजी रिचर्ड जॉन्स्टन या सरकारी मुद्रकाने 'मद्रास कुरिअर' हे इंग्रजी साप्ताहिक काढलं. मद्रासचं हे पहिलं वर्तमानपत्र. त्याचे वाचक होते घरापासून कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासावर राहणारे साहेब लोक. निम्मा अंक विलायतेच्या पत्रांतल्या उताऱ्यांनी भरायचा. जहाज येईपर्यंत त्या बातम्या पार शिळ्या झालेल्या, तरी लोक चवीने वाचत. उरलेल्या जागेत वाचकांची पत्रं आणि जाहिराती. किंमत एक रुपया, म्हणजे त्या काळी चैनच! आजूबाजूची तमिळ-तेलुगू वस्ती वाचक म्हणून कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

पण हा वाचक राज्यकर्त्यांपैकी असला, तरी पत्राला मोकळीक नव्हती. १७९५ मध्ये हम्फ्रीज नावाच्या इंग्रजाने परवाना न घेता 'इंडिया हेरल्ड' काढलं. कंपनी सरकारने त्याला हद्दपार करायचं ठरवून जहाजावर चढवलं, तर हा गडी तिथूनही निसटला. त्याच वर्षी 'मद्रास गॅझेट'ला सरकारी हुकूम छापण्याआधी लष्करी सचिवाला दाखवण्याची अट घातली गेली.

आता आर्मेनियन स्ट्रीटवर या. इथल्या चर्चमध्ये हारुत्युन श्माव्होन्यान हे धर्मगुरू होते. मूळचे शिराझचे. एका आठवड्यात दोन मुलगे गेले, त्यानंतर ते काही वर्षं संसारापासून दूर राहिले. १७८४ मध्ये मद्रासला आले आणि पुढे इथेच छापखाना घातला. ऑक्टोबर १७९४ मध्ये त्यांनी 'अझ्दारार' काढलं. अर्थ साधारण 'वर्तमान सांगणारा'. जगात कुठेही आर्मेनियन भाषेत निघालेलं हे पहिलं नियतकालिक, आणि ते निघालं मद्रासमध्ये! आपलं 'दर्पण' मुंबईत १८३२ साली आलं, म्हणजे त्यानंतर ३८ वर्षांनी.

मला हे दुसरं पत्र जास्त भावतं. कुरिअरच्या वाचकामागे कंपनीचं राज्य होतं, दमला की तो विलायतेला परतू शकत होता. आर्मेनियन व्यापाऱ्याला परतायला स्वतःचा देशच नव्हता. त्यांची भूमी तुर्की आणि इराणी सत्तांमध्ये वाटली गेलेली. (अडयार नदीवर पूल बांधणारा कोजा पेत्रुस उस्कान याच समाजातला.) त्याच समाजातल्या शहामीर शहामिरियान या मद्रासच्या सावकाराने, देश हातात नसताना, त्या देशाची राज्यघटना इथे छापवून घेतली. अशा लोकांचं पत्र जहाजांच्या ये-जा, व्यापार आणि आपल्या माणसांच्या बातम्या देत होतं. या बातम्यांना मी क्षुल्लक म्हणणार नाही. चार गावांत विखुरलेल्या लोकांना आपण एक आहोत हे त्यांतूनच कळत होतं.

अझ्दारार फार चालला नाही. वर्गणीदार मोजकेच, त्यामुळे १८ अंकांनंतर, १७९६ मध्ये बंद पडला. श्माव्होन्यान मात्र मद्रास सोडून गेले नाहीत. १८२४ मध्ये ते इथेच वारले. त्यांची समाधी याच चर्चच्या आवारात आहे. आर्मेनियन स्ट्रीटवर गेलात तर आत वळून बघा.