प्रभावतीगुप्त: राज्य सासरचं, गोत्र माहेरचं

वाकाटक म्हटलं की आपल्याला अजिंठा आठवतो. आजची गोष्ट त्याच घराण्याच्या दुसऱ्या, विदर्भातल्या नंदिवर्धनच्या शाखेची. सुमारे १६०० वर्षांपूर्वी गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली लेक प्रभावती वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. सोयरीक म्हणजे सरळ राजकारण. पण रुद्रसेन लवकर वारला, मुलं लहान. मग कारभार तिनेच सांभाळला. तिचा ‘पुणे ताम्रपट’ १३ व्या वर्षातला आहे. त्यात ती रुद्रसेनाची पट्टराणी, युवराज दिवाकरसेनाची आई आहेच. पण वंशावळ गुप्तांची, आणि गोत्रही माहेरचं, धारण! लग्नानंतर नाव बदलायचं का, यावर आज घरोघरी वाद होतात. या राणीने माहेरची ओळख थेट सरकारी कागदावर, म्हणजे तांब्यावर, कोरून ठेवली.